नावांमागचा रंग

८ जानेवारी, दुपार

भाऊजी,

आधी आशीर्वाद घ्या, मग हवं तर रागवा. पाकिटावरचं अक्षर बघून तुम्हाला कळलंच असेल की हे तुमच्या दादांचं नाही. त्यांचं अक्षर असतं तर पाकीट फाडायला तुमचा हात धजला नसता. माझं हे असं, एक शब्द वर, एक खाली. पण वाचता येतं ना? झालं तर मग.

फोन का नाही केला, म्हणाल. मी मोबाइल हातात घेतला की समोरच्या खुर्चीतून "कोण आहे?" हा प्रश्न ठरलेला. शिवाय मागच्या खेपेला फोन केला तेव्हा मी रडत बसले आणि तुम्ही गप्प बसलात. त्याला काही बोलणं म्हणत नाहीत. म्हणून पत्र. तुमचे दादा दुपारी झोपतात, तेवढ्या वेळात उरकते आहे. त्यांना हे ठाऊक नाही, आणि तुम्हीही कळू देऊ नका. तसे तुम्ही दोघं एकमेकांशी बोलताय कुठे, म्हणून मला भीती नाही.

तर गोष्ट अशी. तुम्ही दोघांनी ज्या पहिल्या रंगीत सिनेमाची टायटल्स केलीत, तो सिनेमा सापडलाय. एका गोदामात डब्यांमध्ये पडून होता. जुने सिनेमे दुरुस्त करणारी एक मुलगी आहे, तिच्याकडे तो आलाय, आणि ती पत्ता शोधत शोधत आपल्याकडे आली. मुलगी मोठी गोड आहे. चहाचा कप स्वतः विसळून ठेवला आणि तुमच्या दादांच्या गोष्टी कंटाळा न करता ऐकल्या, यातच काय ते ओळखा. मी तिला दुरुस्तीवाली म्हणते. ती हसते.

ती सांगत होती की जुन्या फिल्मचे रंग उडतात आणि मागे नुसता गुलाबी उरतो. सगळा सिनेमा गुलाबी पडलाय. नायकाचे दातसुद्धा. तरी बाकीचं जमेल म्हणाली. माणसाची कातडी कशी असते, आकाश कसं असतं, गवत कसं असतं, हे आपल्याला माहीत असतं, त्यावरून इतर रंग लावता येतात. अडलंय ते टायटल्सपाशी. तिथे काय आहे? नुसत्या नावांच्या पाट्या, मागे सपाट रंग आणि पुढे अक्षरं. ना चेहरा, ना झाड. अंदाज बांधायचा तरी कशावरून? तिने विचारलं, "काका, ज्या काचांवर तुम्ही ही नावं रंगवलीत त्या कुठे आहेत?" तुमचे दादा म्हणाले, "काचा कोण ठेवतो? सिनेमा झाला की धुवायच्या आणि पुढच्या सिनेमाला घ्यायच्या." बिचारीचं तोंड उतरलं.

मग ती म्हणाली, "तर मग तुम्हीच सांगा, कोणते रंग होते?"

आणि भाऊजी, त्यांनी सांगितले. एकामागून एक, न अडखळता, मागे हात बांधून येरझारा घालत. ती लिहून घेत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून एकच बशी पुन्हा पुन्हा पुसत होते.

का ते तुम्हाला सांगायला नको. तरी एकदा लिहूनच टाकते, आजवर कधी लिहिलं नाही की बोलले नाही. तुमच्या दादांना लाल आणि हिरवं सारखंच दिसतं. तपकिरी, पोपटी, नारिंगी, विटकरी, त्यांच्या लेखी सगळे एकाच घरातले. तुम्हाला हे लहानपणापासून ठाऊक. मला लग्नानंतर लवकरच कळलं, बाजारात ते टोमॅटो हाताने दाबून घेत होते तेव्हा. मोजे मी जोडी लावून ठेवते. त्यांनी मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. एवढ्या एका बाबतीत आमची अळीमिळी गुपचिळी आहे, आणि संसार काही वाईट झाला नाही. अक्षरं त्यांची आणि रंग तुमचे, ही तुमची वाटणीही त्यातूनच आली होती ना? तेव्हा बाहेर कोणाला पत्ता नव्हता. लोक म्हणायचे, काय भावाभावांचा मेळ आहे.

आता ती मुलगी त्यांनी सांगितलेले रंग घालणार. सिनेमा मोठ्या पडद्यावर लागणार. जाणकार माणसं येणार, बघणार आणि हसणार. हसतील ते तुमच्या कामाला आणि यांच्या नावाला. मला दोन्ही चालणार नाही.

मी तो सिनेमा तेव्हा बघितला होता, पण मला आठवतं ते एवढंच की टायटल्स सुरू झाली तेव्हा गारठल्यागत वाटलं आणि संपली तेव्हा ऊब वाटली. मधे रंग कधी बदलले, कळलंच नाही. तुम्हीच म्हणायचात, मधलं कोणाच्या लक्षात आलं तर आपण हरलो. बघा, जिंकलात, आणि आता मी अडकून पडले.

तेव्हा रंग लिहून पाठवा. पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत, तुमच्या शब्दांत. मुलीला या महिन्याच्या अखेरीस काम पुरं करून द्यायचं आहे. जाऊबाईंना म्हणावं, त्यांची आठवण येते. त्या मला कधीही फोन करू शकतात, त्यांच्यावर कोणी बंदी घातलेली नाही.

तुमची वहिनी


१७ जानेवारी

भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. पत्र म्हणायचं ते आपलं शिष्टाचार म्हणून. "दादाने स्वतः विचारलं तर सांगेन." संपलं. एवढ्या मोठ्या कागदाला वाईट वाटलं असेल.

दादांनी स्वतः विचारायचं असतं तर मी कशाला दुपारची झोप मोडून लिहीत बसले असते? ते विचारणार नाहीत. तुम्ही सांगणार नाही. दोघं एका आईची लेकरं, हे कोणाला पटवून द्यायला नको. सासूबाई म्हणायच्या, माझ्या पोरांच्या नाकावरचा राग काढायला चिमटा लागतो. आज त्या असत्या तर तुम्हा दोघांना एका खोलीत कोंडलं असतं आणि किल्ली पदरात बांधून निजल्या असत्या.

रागावले आहे, पण लिहिते आहे. कारण परवा जे झालं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नाही.

दुरुस्तीवालीने आम्हाला तिच्या कामाच्या जागी बोलावलं. तुमच्या दादांनी इस्त्रीचा सदरा घातला, दाढी केली, आणि वाटेत दोनदा मला विचारलं की केस बरे दिसतात ना. तिची खोली बघून मात्र मी चकितच झाले. भिंती राखाडी, टेबल राखाडी, पडदे राखाडी, तिने घातलेला सदरा राखाडी. मी म्हटलं, "अगं बाई, कोणी गेलं का?" ती म्हणाली, "नाही हो काकू. रंगाचं काम करताना आजूबाजूला दुसरा रंग असला की डोळे फसतात." आणि माझी जांभळी शाल हळूच घडी करून बाहेर ठेवून आली. तुम्ही तिथे असतात तर तुमची आणि तिची गट्टी जमली असती. तुम्हीसुद्धा कामाच्या खोलीत मला लाल कपड्यात येऊ देत नव्हतात.

मग तिने पडद्यावर टायटल्स लावली.

पहिली पाटी पोपटी. दुसरी विटकरी. तिसरी कसलीशी शेवाळी, आणि चौथी पुन्हा भडक केशरी. अक्षरं मात्र, काय सांगू, तीच. ते वळण, ती मान ताठ ठेवून उभी असलेली उभी रेघ. अक्षरांकडे बघितलं की ऊर भरून यायचा आणि मागच्या रंगाकडे बघितलं की डोळे मिटून घ्यावेसे वाटायचे.

तुमचे दादा दोन्ही हात मांड्यांवर ठेवून बसले होते. पाटी गेली की मान हलवायचे. शेवटी म्हणाले, "अगदी हेच."

मुलगी काही कच्च्या गुरूची चेली नाही. ती म्हणाली, "काका, इथून तिथे एकदम उडी बसल्यासारखी वाटते का हो? अक्षरं इतकी शांत आहेत, म्हणून विचारते."

"तेव्हाची पद्धतच तशी होती," दादा म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. "काकू, तुम्हाला कसं वाटतं? तुम्ही तेव्हा बघितला होता ना?"

शब्द माझ्या ओठांवर होते. आणि तेवढ्यात तुमच्या दादांनी माझ्याकडे बघितलं. भाऊजी, ते रागाने बघत नव्हते. रागाने बघितलं असतं तर मी बोलले असते, मला काय त्यांच्या रागाची धास्ती आहे? ते भ्यालेले होते. मी म्हटलं, "मला बाई काय कळतंय त्यातलं."

परत येताना सबंध वाटेत मला तुमचाच तो दिवस आठवत होता. मी तिथे नव्हते, पण जाऊबाईंनी मला सगळं सांगितलं होतं, आणि ते तुमच्या दादांना ठाऊक नाही. पुढच्या एका सिनेमाच्या वेळी तुम्ही तापाने फणफणला होतात, म्हणून दादांनी एकट्याने पाटी रंगवली होती. वाळलेल्या पानासारखी तपकिरी अक्षरं हवी होती, ती झाली पोपटी. तशीच चित्रित झाली. सगळ्यांना बोलावून दाखवायच्या वेळी पडद्यावर ती हिरवीगार अक्षरं आली आणि खोलीभर लोक हसले. दुःखाचा सिनेमा, आणि नावाला पोपट. निर्माता उठून ओरडायला लागला, दारू पिऊन काम करता काय, माझं वाटोळं करायला बसलात काय. दादा मान खाली घालून ऐकत होते. आणि तुम्ही अंगात ताप असताना उठून उभे राहिलात आणि म्हणालात, "त्याला बोलू नका. त्याला रंग दिसत नाहीत."

तुम्ही ते त्यांना वाचवायला म्हणालात, हे मला तेव्हाही समजत होतं. पण त्या निर्मात्याने पुढे काय केलं? आवाज खाली आणला, दादांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "अरेरे, आधी सांगायचं नाही का." शिव्या दादांनी पचवल्या असत्या. ती कीव त्यांना अजून पचलेली नाही. त्यानंतर तुमच्यात शब्दाला शब्द वाढला, आणि तुम्ही कापडाच्या गिरणीत रंग जुळवायची नोकरी धरून इतक्या लांब निघून गेलात. दादांनी पुन्हा रंगाला हात लावला नाही. दुकानांच्या पाट्या, दारावरची नावं, काळ्यावर पांढरं आणि पांढऱ्यावर काळं, एवढंच. कोणी विचारलं तर सांगतात, रंग म्हणजे निव्वळ भडकपणा.

तेव्हा मी मनात म्हणायचे, भाऊजींना गप्प बसायला काय झालं होतं? परवा तुमच्या जागी मी होते. गप्प बसले. आणि सांगते, अजिबात बरं वाटत नाहीये. बोलावं तर ते मोडून पडतील, न बोलावं तर जगासमोर त्यांचं हसं होईल. तुम्ही निदान एक काहीतरी निवडलंत.

आता कळलं ना मी का मागे लागले आहे? विचारण्याची वाट बघू नका. पाठवा.

वहिनी


२५ जानेवारी

भाऊजी,

तुमचं पुडकं आलं. पोस्टमनने दिलं तेव्हा दादा अंघोळीला गेले होते, हे माझं नशीब.

कापडाच्या पट्ट्या पाठवाल असं वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, चार ओळी लिहाल. या किती दिवस बसून रंगवल्यात? गिरणीतून निवृत्त झाल्यावर घरी रंगाचा डाग पडू देणार नाही म्हणाला होतात, असं जाऊबाई सांगत होत्या. आता तुमच्या न्हाणीघराची काय दशा झाली असेल आणि जाऊबाईंनी तुम्हाला काय काय ऐकवलं असेल, ते मी इथून ऐकू शकते.

दार लावून मी त्या पट्ट्या खाटेवर एकीशेजारी एक ठेवल्या. पहिली राखेत निळं मिसळल्यासारखी. आणि तिथून पुढे, भाऊजी, मला खरंच सांगता येईना की कुठे काय बदलत गेलं. एकीवरून दुसरीवर नजर जाते, काही फरक दिसत नाही. दहाव्या पट्टीवर येऊन मागे बघावं तर आपण कुठल्या कुठे आलेलो असतो. मी तिथेच खाटेच्या कडेवर बसले आणि रडले. आता तुम्ही गप्प बसायला समोर नव्हतात, त्यामुळे छान रडून घेतलं.

मग तुमची चिठ्ठी वाचली. "वहिनी, या मुलीला द्या. दादाला काही सांगू नका. त्याला फरक कळणार नाही."

खरं आहे तुमचं. मीही आधी तेच ठरवलं. पट्ट्या मुलीला द्यायच्या, तिला म्हणायचं, काकांचं वय झालंय, आठवणीत घोळ होतो, हे रंग घाल आणि त्यांच्याजवळ बोलू नकोस. पडद्यावर तुमचे रंग येतील. लोक वाहवा करतील. तुमचे दादा शेजारी बसून मान हलवतील आणि म्हणतील, अगदी हेच. कोणाचंच काही बिघडणार नाही. मी पिशवीत पट्ट्या घातल्या, चपला घातल्या, दाराची किल्लीही घेतली.

आणि जिन्यात थबकले. त्यांना कधीच कळणार नाही, हेच मला सोसेना. टोमॅटो मी गुपचूप बदलून ठेवते, मोज्यांचंही तसंच. ते घरातलं झालं. पण सगळ्या लोकांसमोर त्यांना खुर्चीत बसवायचं, खोलीतल्या प्रत्येकाला पडद्यावर काय आहे ते दिसतंय, एकट्या त्यांना नाही, आणि त्यांच्याच बायकोने ते जमवून आणलंय. निर्मात्याने खांद्यावर हात ठेवला होता त्याहून हे काय वेगळं? तुम्ही लिहिलंत ते प्रेमानेच लिहिलंत, त्यात मला शंका नाही. तुम्ही दोघं एकमेकांवर जीव टाकता आणि त्याच्यापायी एकमेकांना छळता. मला मात्र ते जमलं नाही.

परत वर आले. दादा खुर्चीत पेपर वाचत होते. मी चहाचा कप ठेवला आणि कपाशेजारी पट्ट्या ठेवल्या.

ते म्हणाले, "हे काय?"

मी म्हटलं, "बघा."

त्यांनी पट्ट्या उचलल्या, बोटांनी चाचपल्या, कडा उजेडात धरल्या. रंगाकडे बघितलं नाही. कडेकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "डाव्या हाताने कापलंय." आणि पट्ट्या जुळवून ठेवत, "त्याला अजून सरळ कापता येत नाही."

पेपरची घडी घालत त्यांनी विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"लग्न झाल्यापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता भडका उडणार. पण ते म्हणाले, "म्हणजे मोजे तू लावतेस होय." मी म्हटलं, "मग काय उंदीर लावतात?" आणि ते हसले. भाऊजी, हसले ते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसले. दोघं म्हातारी माणसं चहा निवत ठेवून हसत बसलो होतो.

मग उठले, सदरा घातला, पट्ट्या खिशात कोंबल्या आणि बाहेर गेले. कुठे जाताय विचारेपर्यंत जिना उतरलेही होते. चहा तसाच राहिला.

अजून आलेले नाहीत. मी खिडकीत दोन फेऱ्या मारल्या, मग म्हटलं तुम्हाला लिहावं, म्हणजे जिवाला तेवढाच आधार. मी केलं ते बरोबर की चूक, मला माहीत नाही. तुमच्या विश्वासाने पाठवलेली वस्तू मी तुम्हाला न विचारता त्यांच्यापुढे ठेवली. रागवायचं असेल तर आता रागवा, आशीर्वाद मी आधीच देऊन ठेवलाय.

जिन्यात त्यांची पावलं वाजतायत. पाकीट बंद करते.

वहिनी


२८ जानेवारी

धाकट्या,

तुझ्या वहिनीने तुला पत्रं लिहिली, ती मला न सांगता लिहिली. पोस्टाची तिकिटं डाळीच्या डब्यामागे ठेवते आणि समजते मला दिसत नाहीत. मला रंग दिसत नाहीत, तिकिटं दिसतात.

तीन दिवसांपूर्वी मी त्या मुलीकडे गेलो. तिच्या राखाडी खोलीत बसलो. राखाडी मला बरोबर दिसतं, म्हणून असेल, पण त्या खोलीत मला पहिल्यापासून बरं वाटतं. तुझ्या पट्ट्या तिच्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणालो, "मी सांगितलेले सगळे रंग खोटे होते. मला लाल-हिरवं कळत नाही. जन्मापासून. रंग माझ्या भावाचे होते."

एकदाचं सांगून टाकलं. वाटलं होतं तेवढा वेळ लागला नाही.

तिने अरेरे केलं नाही. खांद्यावर हात ठेवला नाही. तिने विचारलं, "मग काका, अक्षरांची जाडी तुम्ही कशी ठरवत होतात? मागचा रंग बदलला तरी अक्षर कुठेच फिकं पडत नाही." आजवर मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी तिला सांगितलं की मी रंग बघत नव्हतो, उजेड किती आणि अंधार किती एवढंच बघत होतो. तू रंग बदलायचास आणि उजेड तेवढाच ठेवायचास, माझ्यासाठी. त्यावर आम्ही दोघं तासभर बोललो. तिने माझा चहासुद्धा तिथेच करवला.

पट्ट्या तिला फार आवडल्या. पण तिचं म्हणणं असं की कापडावरचा रंग वेगळा आणि पडद्यावर आतून उजेड घेऊन येणारा रंग वेगळा. पट्टीवरून अंदाज येईल, नक्की होणार नाही. ज्याने रंग घातले त्याने पडद्यासमोर बसून सांगायला हवं, थोडा इकडे, थोडा तिकडे. तिने मुदत वाढवून घेतली आहे.

आता ऐक. त्या दिवशी तू बोललास ते मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटलेलं नाही. ती गोष्ट माझी होती. सांगायची की नाही ते मी ठरवायचं होतं. आता मी ठरवलं आणि मी सांगितली. म्हणजे तो हिशेब माझ्याकडून मिटला. तुझ्याकडून मिटला नसेल तर इथे येऊन भांड. लांबून भांडण्यात काही अर्थ नाही, वहिनीची दुपारची झोप जाते.

तू लिहिलंस की दादाने स्वतः विचारलं तर सांगेन. तर विचारतो. पण काय विचारायचं ते नीट सांगतो, कारण हे तुझ्या वहिनीलाही ठाऊक नाही.

त्या सिनेमाच्या पहिल्या खेळाला तू माझ्या उजव्या हाताला बसला होतास. दिवे गेले आणि टायटल्स सुरू झाली. मी माझी अक्षरं बघत होतो. तू माझ्या कानाशी येऊन सांगायला लागलास. रंगाचं नाव नाही सांगितलंस, नावाचा मला काय उपयोग. तू म्हणालास, "दादा, आता सकाळी तोंड धुतानाचं नळाचं पाणी." पुढची पाटी आली तेव्हा म्हणालास, "आता पाय टेकले ती गार फरशी." मग "पाणी जरा कोमट झालंय." मग "उन्हातून काढून आणलेला टॉवेल." "चहाचा कप दोन्ही हातांत धरलाय." पाटीमागून पाटी. आपल्या पुढचा माणूस मागे वळून श् श् करत होता तरी तू सांगत होतास. धाकट्या, त्या दिवशी मी रंग बघितले. आयुष्यात एकदाच.

मग आपल्या दोघांच्या नावांची पाटी आली. वर माझं नाव, खाली तुझं. तू एकदम गप्प झालास. मी थांबलो. कोपराने ढोसलं तरी तू बोलला नाहीस. तेवढ्यात ती पाटी गेली आणि पुढची आली. बाहेर पडल्यावर लोक भेटायला आले, हातात हात देत होते, विचारायचं राहून गेलं. नंतर म्हटलं कधीतरी विचारू. मग ते सगळं झालं.

मुलीने त्या पाटीचा रंग विचारला तेव्हा मी लाल म्हणून सांगितलं. काहीतरी सांगायचं म्हणून. तुझ्या पट्ट्यांमधली ती कोणती, ते तिने मला बोट ठेवून दाखवलं. मी हातात घेऊन बघितली. मला ती इतर पट्ट्यांसारखीच दिसते.

आपली नावं कशावर लिहिली होती ते मला अजून माहीत नाही. ये आणि सांग.

दादा